खुराक वाढवला आणि फॅट उतरली: एका दुभत्या कळपाच्या आहाराचं प्रकरण

## पार्श्वभूमी

42 दुभत्या गायींचा हा गोठा. बहुतेक गायी होल्स्टीन रक्ताच्या, सरासरी वजन 560 किलोच्या आसपास, दूध गायीमागे दिवसाला 24 लिटर, फॅट 3.9 टक्के. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे आणि आकडे थोडे गोल केले आहेत. मालक रोज स्वतः गोठ्यात असतात, नोंदवही नीट ठेवतात, आहाराचा तक्ताही त्यांनी रीतसर करून घेतलेला होता. तक्ता नसलेल्या गोठ्यात आहार बिघडला तर नवल नाही. इथे तक्ता होता, तो रोज तंतोतंत पाळला जात होता, आणि तरी बिघडलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

तक्ता साधाच होता. गायीमागे मक्याचा मूरघास (खड्ड्यात दाबून आंबवलेला हिरवा चारा) 25 किलो, गव्हाचं काड 2 किलो, आणि भरडलेला मका, कोंडा, सोयाबीन पेंड व खनिज मिश्रण असा खुराक 9 किलो. खुराक दोन्ही धारांच्या वेळी निम्मा निम्मा. मूरघास सकाळ-संध्याकाळ गव्हाणीत, काड दुपारी वेगळं. जुन्या खड्ड्यातल्या मूरघासात 34 टक्के शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, होता. त्या हिशेबाने मूरघासातून 8.5 किलो, काडातून 1.8 आणि खुराकातून 8, असा एकूण 18.3 किलो शुष्क पदार्थ गायीच्या पोटात जायचा. त्यात वैरणीचा वाटा 56 टक्के, खुराकाचा 44. या वजनाच्या आणि एवढं दूध देणाऱ्या गायीला हे मानवण्यासारखं होतं, आणि खड्डा संपेपर्यंत मानवलंही.

## अडचण

जुना खड्डा संपला आणि नवा उघडला. या खड्ड्यातला मका पावसाच्या धास्तीने लवकर कापलेला होता. कुट्टी बारीक, वास चांगला, रंग हिरवट पिवळा. खड्ड्याच्या तोंडाशी पाणी झिरपत होतं, पण त्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही, कारण गायी मूरघास आवडीने खात होत्या. आठवड्याच्या आतच दूध गायीमागे दीड लिटरने उतरलं.

मग मालकांनी जे केलं तेच बहुतेक जण करतील: खुराक 9 किलोवरून 11 किलो केला. दूध सावरलं. सगळ्यांना वाटलं, भागलं. पंधरा दिवसांनी फॅट घसरू लागली. आधी 3.6, मग 3.4, शेवटी 3.1. प्रोटीन मात्र 3.2 वरून हललं नाही. होल्स्टीन कळपाच्या एकत्र दुधात फॅट प्रोटीनच्याही खाली गेली की कोठीपोटाकडे, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पोटाच्या मोठ्या कप्प्याकडे, बघायची वेळ झाली असं समजावं.

बाकीची लक्षणं विखुरलेली होती, म्हणून ती एकत्र कोणी जोडली नव्हती. शेण पातळ आणि चकाकतं, त्यात बुडबुडे. एके दिवशी गव्हाण चाटून स्वच्छ, दुसऱ्या दिवशी चारा तसाच पडलेला. तीन गायी पाय जपून टाकत होत्या, पण त्याचं खापर ओल्या फरशीवर फुटलं होतं. तोवर मालकांना तीन सल्ले मिळाले होते: बायपास फॅट (कोठीपोटात न विरघळता पुढे जाणारी चरबी) घाला, टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष बांधून ठेवणारी पूड) घाला, खाण्याचा सोडा घाला. तिन्ही सल्ले पिशवीतून विकत आणायच्या वस्तूंचे होते. खड्ड्याकडे बोट कोणीच दाखवलं नव्हतं.

## काय तपासलं

पशुवैद्य आणि मी मिळून आधी फाटे छाटले. उन्हाचा ताण असला की गायी धापा टाकतात, रवंथ कमी करतात आणि फॅट उतरते. तो हंगाम नव्हता. कासेच्या तपासणीत दगडीचा (कासेच्या सुजेचा) प्रादुर्भाव दिसला नाही. खुराकात तेल जास्त असलेला कोंडा किंवा सरकी नव्याने आली असती तरी फॅट पडली असती, पण मिश्रणातले घटक तेच होते, फक्त वजन वाढलं होतं.

मग मूरघासाचा शुष्क पदार्थ मोजला. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. खड्ड्याच्या तोंडावरून पाच-सहा ठिकाणचा मूरघास घेऊन मिसळला, त्यातला 100 ग्रॅम कागदी ताटलीत पसरला आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. शेजारी अर्धा पेला पाणी, नमुना जळू नये म्हणून. आधी तीन-चार मिनिटं, मग उलथून पुन्हा थोडा वेळ, नंतर अर्ध्या अर्ध्या मिनिटाने वजन. दोन वजनं सारखी आली की थांबायचं. काटा 26 वर थांबला. मालकांनी दुसरा नमुना लावायला सांगितला, तोही 26 वरच थांबला.

इथून पुढचं गणित तोंडी होण्यासारखं आहे. फावड्याने आणि टोपलीने रोज 25 किलोच पडत होते, पण त्यातून 8.5 किलोऐवजी 6.5 किलो शुष्क पदार्थ जात होता. दोन किलो वैरण कोणाच्याही डोळ्यांना न दिसता गायब झाली होती, तिच्या जागी पाणी आलं होतं. दूध उतरलं ते यामुळे. म्हणजे गायीला कमी पडली होती वैरण, आणि भरपाई झाली खुराकाने.

काडाचा उलगडा चारा घालणाऱ्या गड्याने केला. दुपारी किती काड खाल्लं जातं असं विचारल्यावर तो सहज म्हणाला, "निम्मं तर रोजच उरतं डॉक्टर. संध्याकाळी गोळा करून खाली अंथरतो." मालकांनी त्याच्याकडे पाहिलं. उरलेलं काड बसायच्या जागी जात असल्याने गव्हाण रात्री रिकामी दिसायची आणि वहीत 'काड 2 किलो' अशी नोंद व्हायची. जाडंभरडं, हातभर लांब काड पोटभर मूरघासानंतर गाय कशाला खाईल?

हे धरून हिशेब पुन्हा मांडला. मूरघासातून 6.5 किलो, काडातून 0.9, खुराकातून 9.8. एकूण 17.2 किलो, वैरण 43 टक्के, खुराक 57. तक्ता जवळजवळ उलटा झाला होता, आणि खुराक एका धारेला साडेपाच किलो याप्रमाणे दोनच वेळा पोटात पडत होता.

गंमत म्हणजे प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर हा आहार फारसा वाईट दिसला नसता. वैरणीतून येणारा एनडीएफ, म्हणजे चाऱ्यातला तंतुमय भाग, एकूण शुष्क पदार्थाच्या 22 टक्क्यांच्या घरात निघत होता. दुभत्या गायीला तो किमान 19 टक्के असावा असं धरतात. मग अडलं कुठे? तंतूच्या लांबीत. चाऱ्याचे कण मोजायच्या चाळणीत नवा मूरघास हलवला, तर 19 मिलिमीटर भोकांच्या वरच्या चाळणीवर जेमतेम एक टक्का राहिला. मक्याच्या मूरघासात तिथे 3 ते 8 टक्के राहायला हवा. तंतू होता, पण भुकटीसारखा. गायीला चघळायला लावेल असा नव्हता.

गाय दिवसात सात-आठ तास रवंथ करते आणि त्यात शंभर लिटरहून जास्त लाळ गिळते. या लाळेत सोडा असतो. कोठीपोटात पिठूळ पदार्थ आंबून तयार होणारं आम्ल तोच शमवतो. चघळणं कमी झालं की लाळ कमी होते, आणि इथे त्याच वेळी स्टार्च, म्हणजे हाच पिठूळ भाग, वाढला होता. दिवसातले कित्येक तास कोठीपोटाचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.6 च्या खाली राहिला की गाय आजारी पडून खाली बसत नाही, पण आतली जंतुसृष्टी बदलते. चाऱ्यातल्या स्निग्धाम्लांवर जंतूंची प्रक्रिया वेगळ्या वाटेने होऊ लागते. त्यातून तयार होणारं एक स्निग्धाम्ल रक्तावाटे कासेत पोहोचून तिथलं फॅट बनवण्याचं कामच मंद करतं. पोटातल्या या आम्लाचा त्रास खुरांपर्यंतही पोहोचतो. हे समजलं की बायपास फॅटचा सल्ला कुठे चुकतो तेही समजतं.

दुपारी आडव्या बसलेल्या गायी मोजल्या. निवांत बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असाव्यात. इथे एक तृतीयांश करत होत्या. मूठभर शेण चाळणीत घेऊन नळाखाली धुतलं तर मक्याच्या दाण्यांचे तुकडे आणि बुळबुळीत पापुद्रे हाती आले. स्टार्च कोठीपोटात न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जाऊन तिथे आंबला की आतड्याचं आतलं अस्तर दुखावतं आणि असे पापुद्रे पडतात.

## पर्याय आणि त्यांवरची चर्चा

पहिला प्रश्न निदान पक्कं करण्याचा होता. पोटाच्या बाजूने सुई घालून कोठीपोटातलं पाणी काढता येतं. कळपातल्या 12 गायी तपासायच्या. तीन किंवा जास्त गायींचा सामू 5.5 च्या खाली आला तर कळपाला त्रास आहे असं मानतात. पशुवैद्यांची तयारी होती. मालक मात्र कचरत होते. सुईच्या जागी गळू होण्याची किंवा पोटाच्या आवरणाला सूज येण्याची थोडी भीती असतेच. शेवटी असं ठरलं की आहार बदलणं हीच तपासणी समजायची. फॅट दोन-तीन आठवड्यांत वर आली नाही तर सुई लावायची. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण सामू कमी आला असता तरी करायचं तेच होतं.

बायपास फॅट मालकांना सर्वांत जवळची वाटत होती. ती घातली असती तर फॅटचा आकडा थोडा वर सरकला असता, हे खरं आहे. कोठीपोट आणि खूर मात्र तसेच बिघडत राहिले असते, आणि चुकीची एकमेव ठळक खूणही झाकली गेली असती. हा पर्याय बाजूला ठेवला. टॉक्सिन बाइंडरसाठी पुरावाच नव्हता. खड्ड्याच्या वरच्या कडेला बुरशीचा थर होता, तो काढून टाकणं जास्त सरळ.

खुराक एकदम 9 किलोवर आणावा का, यावर बराच खल झाला. पशुवैद्यांचा मुद्दा ताज्या व्यायलेल्या गायींचा होता. म्हणून प्रत्येक गायीच्या दुधाचा वेगळा नमुना घेतला आणि चित्र बदललं. व्यायल्यावर दोन महिने उलटलेल्या बहुतेक गायींची फॅट 3 च्या खाली होती. ताज्या गायींची मात्र 4 च्या वर, कारण त्या अंगातली चरबी उतरवून दुधात घालत होत्या. त्यांतल्या दोघींमध्ये फॅट प्रोटीनच्या 1.4 पटीपलीकडे होती, म्हणजे कीटोसिसचा, अंगातली चरबी फार झपाट्याने उतरल्याने होणाऱ्या आजाराचा, संशय. एकत्र दुधातला 3.1 हा आकडा दोन वेगवेगळ्या दुखण्यांची सरासरी होता. या दोघींचा खुराक तोडला असता तर त्या आणखी खंगल्या असत्या.

राहिला मूरघास वाढवण्याचा प्रश्न. पूर्वीइतका, म्हणजे 8.5 किलो शुष्क पदार्थ द्यायचा तर गायीमागे सुमारे 33 किलो मूरघास घालावा लागणार. मालकांनी तिथल्या तिथे हिशेब केला: खड्डा पाव हिश्श्याने लवकर संपणार. त्यांची हरकत रास्त होती. ओला मूरघास साठवणं म्हणजे पाणी साठवणं, आणि ती तूट कधी तरी दिसणारच होती. तडजोड म्हणून 30 किलो मूरघास आणि 1 किलो वाळवलेला लसूणघास असं ठरलं.

## काय केलं

बुरशीचा थर रोज काढून फेकायचा. खुराक आठवडाभरात 11 वरून 10 आणि मग 9 किलो; संशयित दोन गायींना वेगळं ठेवून त्यांच्यावर पशुवैद्यांनी उपचार केले आणि त्यांचा खुराक सावकाश बदलला. 9 किलोचे दोनाऐवजी चार भाग केले: दोन धारांच्या वेळी, दोन गव्हाणीत वैरणीत मिसळून.

सर्वांत जास्त फरक काडाने पाडला असावा. काड कुट्टी यंत्रातून तीन-चार सेंटिमीटर लांबीचं कापून घेतलं आणि मूरघासातच कालवलं. कोरड्या वैरणीत असं करताना गायी काड निवडून बाजूला सारतात, म्हणून लोक वरून पाणी शिंपडतात. इथे मूरघास आधीच ओला असल्याने काड त्याला चिकटलं. त्या ओलसरपणाचा एवढा एक उपयोग झाला! जास्त बारीक कापू नका हे मात्र गड्याला दोनदा सांगावं लागलं, कारण बारीक कुट्टी दिसायला एकसारखी आणि नीटनेटकी दिसते. सहा सेंटिमीटरच्या पुढे गेली तर गाय वेचून टाकते, सेंटिमीटरभर केली तर चघळत नाही.

नव्या मांडणीत मूरघासातून 7.8, काडातून 1.8, लसूणघासातून 0.9 आणि खुराकातून 8 किलो शुष्क पदार्थ जात होता. एकूण 18.5, वैरण 57 टक्के.

सोडा घालायचा की नाही यावर आमचं एकमत नव्हतं. पशुवैद्यांना तो हवा होता, गायीमागे दिवसाला 150 ग्रॅम, कारण त्याने तात्काळ आराम पडतो. माझं म्हणणं, दोन्ही एकदम केलं तर कशाने काय झालं ते कळणार नाही. गायींचे खूर पाहता त्यांचा मुद्दा वरचढ ठरला, पण तीन आठवड्यांनी सोडा बंद करायचा ही अट आधीच वहीत लिहून घेतली.

## मधला पेच

पहिल्या आठवड्यात दूध गायीमागे लिटरभर उतरलं आणि फॅट जागेवरच. मालकांचा फोन आला: खुराक परत वाढवू का? हा या प्रकरणातला सर्वांत नाजूक क्षण होता. मूळ घसरण याच प्रश्नाच्या 'हो' या उत्तराने सुरू झाली होती. पण नुसतं धीर धरा म्हणून चालत नाही, धीर कशाच्या आधारावर धरायचा तेही सांगावं लागतं. आहार सुधारल्यावर फॅट पूर्ववत व्हायला दोन आठवडे किंवा थोडं जास्त लागतं. शेण आणि रवंथ त्याआधी बोलतात. म्हणून त्यांना दुपारी बसलेल्या गायी मोजायला सांगितलं. त्या दिवशी निवांत बसलेल्यांत निम्म्या रवंथ करत होत्या. खुराक वाढला नाही.

## निष्पत्ती

शेण दहा दिवसांच्या आत घट्ट झालं, बुडबुडे गेले. दोन आठवड्यांनी फॅट 3.4, महिन्याने 3.7. सोडा ठरल्याप्रमाणे बंद केला, त्यानंतर फॅट उतरली नाही. या खड्ड्यावर 3.9 काही पुन्हा दिसली नाही. दूध 23 ते 24 लिटरवर परतलं, तेही वाढवलेल्या 11 किलोंपेक्षा दोन किलो कमी खुराकावर, आणि मालकांच्या दृष्टीने खरा निकाल हाच होता.

खुरांनी मात्र सगळ्यांची परीक्षा घेतली. आहार सुधारल्यानंतरच्या दोन महिन्यांत आणखी दोन गायी लंगडू लागल्या. मालकांना वाटलं, पुन्हा सुरू झालं. खुराचं शिंग महिन्याला साधारण पाच मिलिमीटर वाढतं. आत रक्त साकळलेला भाग तळव्यापर्यंत यायला त्यामुळे आठवडे लागतात. आज दिसणारा लालसर डाग हा मागच्या खुराकाचा असतो. खूर कापणाऱ्याने तळवा सोलून दाखवला तेव्हा डागाच्या वरचं नवं शिंग स्वच्छ होतं. संशयित दोन गायींपैकी एक लवकर सावरली, दुसरीचं दूध त्या वेतात अपेक्षेइतकं चढलंच नाही.

## काय वेगळं करता आलं असतं

जुना खड्डा संपायच्या आठ-दहा दिवस आधी नवा उघडून दोन्ही मिसळून घालता आले असते. तसं न करता बदल एकदम झाला. खुराक दोन किलोंनी वाढवला तोही असाच, एका दिवसात. कोठीपोटातले जंतू नव्या आहाराला रुळायला दोन-तीन आठवडे घेतात.

दूध उतरलं त्या दिवशी मूरघासाचा शुष्क पदार्थ मोजला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. आता मालक दर आठवड्याला आणि मोठा पाऊस झाला की लगेच मोजतात, आणि टोपल्यांची संख्या त्यावरून ठरवतात. तक्त्यातला '25 किलो' खोडून तिथे '8.5 किलो शुष्क पदार्थ' असं लिहिलं आहे. माझ्या मते तक्ता करून देणाऱ्यानेच तो असा लिहून द्यायला हवा होता. ओल्या वजनातला तक्ता त्या एका खड्ड्यापुरताच खरा असतो.

उरलेल्या चाऱ्याचं वजन रोज व्हावं, हे सुचवलं होतं. ते महिनाभर झालं आणि मग सुटलं. काड मिसळल्यामुळे उरतं कमी, म्हणून गरज वाटेनाशी झाली असावी. मला ते पटत नाही, पण गोठ्यातली माणसं मोजकी आहेत हेही दिसतं.

पहिलारू गायींचा प्रश्न तसाच राहिला. त्या मोठ्या गायींबरोबरच खातात, मागे ढकलल्या जातात आणि नंतर घाईघाईने उरलंसुरलं खातात. त्यांच्यासाठी वेगळा गट करावा असं आम्ही म्हटलं, जागा नव्हती. दिवसातून तीन-चार वेळा चारा गव्हाणीच्या आत ढकलायचा, एवढ्यावर भागवलं आहे.

पुढच्या खड्ड्यासाठी दोन गोष्टी आधीच ठरल्या. मका कापण्यापूर्वी पाच-सहा ताटं तोडून, कुट्टी करून त्यांचा शुष्क पदार्थ मोजायचा आणि 32 टक्क्यांच्या वर आल्याशिवाय यंत्र बोलवायचं नाही. आणि यंत्रवाल्याला कुट्टीची लांबी आधीच सांगायची: दाणे चिरडणारे रोलर असतील तर 19 मिलिमीटर, नसतील तर साधारण 10. पहिली ट्रॉली रिकामी होत असतानाच मूठभर कुट्टी चाळणीत टाकून पाहायची; लांबी बदलायची तर ती तेव्हाच बदलता येते.